‘क्रिएटिनिन नॉर्मल’ एवढ्यावर बाळाची किडनी सोडू नका

तान्ह्या बाळाचं हृदयाचं ऑपरेशन होतं. बाळ अतिदक्षता विभागात येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी रक्ताचा रिपोर्ट हाती पडतो आणि राउंडवर सांगितलं जातं, "क्रिएटिनिन नॉर्मल आहे, किडनीचं टेन्शन नाही." बाहेर ताटकळलेल्या आईवडिलांनाही तेच कळवलं जातं आणि त्यांच्या जिवात जीव येतो. माझा आक्षेप या निर्वाळ्याला आहे.

या निर्वाळ्यामागे एक सलग भूमिका आहे आणि तिच्या बाजूने चार गोष्टी सांगितल्या जातात. पहिली, क्रिएटिनिन ही जगन्मान्य, स्वस्त आणि कुठेही होणारी तपासणी आहे. तिच्यावर विसंबायचं नाही तर कशावर? दुसरी, ऑपरेशननंतर पहिले एक-दोन दिवस लघवी कमीच होते. शरीराच्या या स्वाभाविक प्रतिसादाला आजाराचं नाव देऊन घबराट कशाला पसरवायची? तिसरी, किडनीला इजा झाल्याचं कळलं तरी ती भरून काढणारं औषध नाही, मग लवकर कळून उपयोग काय? आणि चौथी, लवकर निदान करणाऱ्या नव्या चाचण्या महाग आहेत, आपल्याकडच्या बहुतेक रुग्णालयांत त्या होतच नाहीत.

असं म्हणणारे डॉक्टर निष्काळजी नसतात. त्यातले पुष्कळ जण रात्र रात्र बाळाच्या उशाशी उभे असतात. म्हणूनच त्यांच्या प्रत्येक मुद्द्याला नीट उत्तर द्यायला हवं. माझं म्हणणं थोडक्यात असं: ऑपरेशननंतरच्या बाळाच्या किडनीला इजा झाली आहे की नाही, हे ठरवायला तासातासाची लघवी, अंगात साठलेल्या पाण्याचा हिशेब आणि बाळाचं ऑपरेशनआधीचं स्वतःचं क्रिएटिनिन या तीन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. तिन्ही आजच्या आज, जिल्ह्याच्या ठिकाणच्या रुग्णालयातही पाहता येतात. त्या न पाहता ‘नॉर्मल’ म्हणणं म्हणजे निदान न करताच निर्णय देणं आहे.

आधी क्रिएटिनिनचं बघू. ते तयार होतं स्नायूंत. स्नायू जितके कमी, तितकं रक्तातलं क्रिएटिनिन कमी. काही महिन्यांच्या निरोगी बाळात ते साधारण ०.२ ते ०.४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असतं. मोठ्या माणसात ०.६ ते १.२च्या आसपास. हृदयाला मोठं छिद्र असलेलं बाळ दूध ओढतानाच दमतं. त्याचं वजन वाढत नाही. चार महिन्यांचं होऊनही ते जेमतेम चार किलोचं असतं, अंगावर मांस नसतं, त्यामुळे त्याचं क्रिएटिनिन आणखी खाली राहतं. अशा बाळाचं क्रिएटिनिन ०.३ वरून ०.६ झालं, म्हणजे दुप्पट झालं, तर किडनीची गाळण्याची ताकद निम्म्यावर आल्याची ती खूण आहे. पण रिपोर्टच्या उजव्या रकान्यात मोठ्या माणसांची मर्यादा छापलेली असेल, तर ०.६ तिच्या आत बसतं. आकडा ठळक होत नाही, शेजारी बाण येत नाही, आणि राउंडवर ‘नॉर्मल’ हा शब्द उच्चारला जातो.

क्रिएटिनिनला जगन्मान्य म्हणणाऱ्यांनी ती मान्यता ज्या निकषांतून आली ते निकष एकदा पूर्ण वाचावेत. ‘केडीगो’ या आंतरराष्ट्रीय गटाने २०१२ साली किडनीच्या तीव्र इजेची व्याख्या ठरवली. तिच्यानुसार ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ने वाढलं, किंवा सात दिवसांत मूळ पातळीच्या दीडपट झालं, किंवा सहा तास लघवी ताशी किलोमागे अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी झाली, तर ती तीव्र इजा. या तिन्हींतली कुठलीही एक बाब पुरते. प्रयोगशाळेच्या छापील मर्यादेला या व्याख्येत कुठेही जागा नाही. तुलना बाळाची बाळाशीच करायची आहे, आणि लघवीला क्रिएटिनिनइतकंच वजन दिलेलं आहे. आपण मात्र त्यातला एकच निकष उचलतो आणि तोही मोठ्या माणसांच्या पट्टीवर मोजतो.

त्यातही ०.३च्या वाढीची वाट पाहणं बाळाला परवडणारं नाही. मूळ पातळी ०.३ असेल तर ०.३ची वाढ होईपर्यंत क्रिएटिनिन दुप्पट झालेलं असतं आणि बाळ इजेच्या दुसऱ्या टप्प्यात पोचलेलं असतं. त्याला पहिल्या टप्प्यात ओळखायचं तर ०.१५ची वाढ पकडावी लागते. इतकी बारीक वाढ दिसण्यासाठी आकडा दशांशानंतर दोन स्थळांपर्यंत हवा. आपल्याकडचे कितीतरी रिपोर्ट एकाच स्थळावर थांबतात. ऑपरेशनआधी ०.२६ असलेलं क्रिएटिनिन ०.३ असं छापलं जातं, नंतर ०.४४ झालेलं ०.४ असं छापलं जातं. खरी वाढ जवळपास १.७ पट, म्हणजे इजा निश्चित. कागदावरची वाढ १.३ पट, म्हणजे काहीच नाही. एका अंकाच्या काटकसरीपायी निदान हुकतं.

मोजण्याची रीतही पाहायला हवी. अनेक प्रयोगशाळा अजून याफे पद्धतीने क्रिएटिनिन मोजतात. ही रासायनिक प्रक्रिया १८८६ सालची. रक्तातलं बिलिरुबिन वाढलेलं असेल तर या पद्धतीत क्रिएटिनिन खोटं कमी दिसू शकतं. कीटोन किंवा काही सेफॅलोस्पोरिन प्रतिजैविकं असतील तर खोटं जास्त दिसू शकतं. कावीळ असलेलं नवजात बाळ आणि ऑपरेशननंतरची प्रतिजैविकं ही आपली रोजची परिस्थिती आहे. एन्झाइम पद्धत यापेक्षा पुष्कळ भरवशाची आहे. बाळांची ऑपरेशनं करणाऱ्या केंद्राने आपल्या प्रयोगशाळेत कुठली पद्धत चालते, हे विचारलंच पाहिजे.

आता वेळेचा मुद्दा. किडनीचं काम थांबलं की क्रिएटिनिन त्या क्षणी उडी मारत नाही. ते रक्तात हळूहळू साठतं. ऑपरेशनच्या वेळी हृदयाचं काम करणाऱ्या बायपास मशीनवर असताना झालेल्या इजेचा पुरावा क्रिएटिनिनमध्ये उमटायला एक ते तीन दिवस लागतात. आणि नेमक्या याच काळात बाळाच्या अंगात पाणी साठत असतं: मशीनमध्ये भरलेला द्रव, रक्त आणि प्लाझ्मा, औषधांच्या ड्रिप, कॅथेटर फ्लश करायला वापरलेलं सलाइन. वाढलेलं पाणी क्रिएटिनिनला पातळ करतं.

हे आकड्यांत मांडून पाहू. समजा, चार किलोचं बाळ आहे. ऑपरेशनआधी क्रिएटिनिन ०.३. दुसऱ्या दिवशी सकाळी ०.४. वाढ १.३ पट, निकषात बसत नाही. पण चार्टवर बेरीज केली तर आत गेलेलं आणि बाहेर आलेलं यात ४०० मिलिलिटरचा फरक आहे, म्हणजे वजनाच्या दहा टक्के पाणी अंगात जादा आहे. या वयात शरीरातलं एकूण पाणी वजनाच्या सुमारे ७० टक्के धरलं तर ते २.८ लिटर होतं. त्यात ०.४ लिटरची भर पडलेली आहे. ०.४ला १.१४ने गुणलं की सुधारित क्रिएटिनिन ०.४६च्या आसपास येतं. मूळ पातळीच्या दीडपट. बाळ पहिल्या टप्प्यात आहे आणि आपण त्याला ‘नॉर्मल’ म्हणून पुढच्या खाटेकडे वळलो. हा गुणाकार करायला खिशातला मोबाइल पुरतो. हल्लीच्या संशोधनात पाण्याचा हिशेब धरून क्रिएटिनिन सुधारून घेण्याची ही रीत रुळली आहे. आपल्या राउंडवर ती अजून आलेली नाही.

नवजात बाळाची गोष्ट तर आणखी वेगळी. जन्मल्याबरोबर त्याच्या रक्तात असतं ते आईचं क्रिएटिनिन. पूर्ण दिवसांच्या बाळात पुढच्या एक-दोन आठवड्यांत ते उतरत जातं, कारण बाळाची किडनी रोज थोडी थोडी कामाला लागत असते. म्हणून पाचव्या-सहाव्या दिवशी ऑपरेशन झालेल्या बाळाचं क्रिएटिनिन ०.७ वर होतं आणि तीन दिवसांनीही ०.७च आहे, याला स्थिर म्हणून समाधान मानता येत नाही. उतरायला हवं होतं ते उतरलं नाही, हीच धोक्याची खूण. नवजातांसाठी केलेल्या सुधारित व्याख्येत तुलना आधीच्या सर्वांत कमी आकड्याशी करतात ती यासाठीच.

म्हणजे क्रिएटिनिन टाकून द्यायचं का? अजिबात नाही. ऑपरेशनआधी एकदा, नंतर पहिले तीन दिवस रोज, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने, दोन दशांशांपर्यंत, आणि पाण्याचा हिशेब शेजारी ठेवून वाचलेलं क्रिएटिनिन फार उपयोगी आहे. इथे एक रास्त शंका घेतली जाते की चार किलोच्या बाळाच्या अंगात रक्त जेमतेम ३२० मिलिलिटर. रोज रक्त काढून त्याला पांढरं करायचं का? उत्तर असं की ब्लड गॅस आणि इलेक्ट्रोलाइटसाठी रक्त रोज निघतंच. त्याच नमुन्यातून, लहान मुलांच्या सूक्ष्म नळीत घेतलेल्या थोड्याशा रक्तावर क्रिएटिनिन होऊ शकतं. वेगळी सुई टोचायची गरज नाही.

दुसरा मुद्दा लघवीचा. ऑपरेशनच्या ताणामुळे शरीरातलं पाणी राखणारं संप्रेरक वाढतं आणि लघवी कमी होते, हे शास्त्रशुद्ध आहे. एखाद्या तासाला लघवी कमी झाली म्हणून कुणी इजेचं निदान करू नये. निकष सहा तासांचा आहे तो याच कारणाने. पण या खऱ्या गोष्टीवरून पुढे जो निष्कर्ष काढला जातो तो टिकत नाही. लघवी स्वाभाविक कारणाने कमी असू शकते, यावरून ती स्वाभाविक कारणानेच कमी आहे असं ठरत नाही. ते तपासावं लागतं.

शिवाय बाळाच्या बाबतीत अर्धा मिलिलिटर ही मर्यादाच ढिली आहे. मोठ्या माणसाची किडनी लघवी खूप घट्ट करू शकते. नवजात बाळाची किडनी त्याच्या जेमतेम निम्मी. तेवढीच घाण बाहेर टाकायला बाळाला अधिक पाणी लागतं. त्यामुळे नवजाताची लघवी ताशी किलोमागे एक मिलिलिटरच्या खाली गेली की लक्ष वेधलं गेलंच पाहिजे. आणि या काळात हृदयाचीही परीक्षा चालू असते. बायपासनंतर सहा ते बारा तासांच्या सुमारास हृदयाचा जोर सर्वांत खाली जातो. तेव्हा लघवी आटली तर किडनीला रक्त पुरत नसल्याचा तो पहिला निरोप असू शकतो. लॅक्टेट वाढायच्या आधी, रक्तदाब कोसळायच्या आधी बाळ आपल्याला सांगत असतं. ‘ऑपरेशननंतर होतंच’ म्हणून आपण ते ऐकत नाही.

लघवीकडे दुर्लक्ष केल्याने किती निदानं हुकतात, याचा हिशेब झालेला आहे. २०१७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ‘अवेअर’ नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चार खंडांतल्या ३२ बालअतिदक्षता विभागांतली ४,६८३ मुलं आणि तरुण रुग्ण त्यात होते. लघवी कमी झालेल्या रुग्णांपैकी ६७.२ टक्के रुग्णांमध्ये केवळ क्रिएटिनिनवर विसंबून इजा सापडलीच नसती. तीनातले दोन. हा अभ्यास तीन महिन्यांवरच्यांचा आहे आणि त्यात सगळ्या प्रकारचे आजार होते, हे खरं. पण तीन महिन्यांखालच्या बाळाचं क्रिएटिनिन त्याहून बेभरवशाचं असतं, हे वर पाहिलंच.

याच्या उलट बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा मी लपवणार नाही. ‘नेफ्रॉन’ या अभ्यासात उत्तर अमेरिकेतल्या २२ रुग्णालयांतली हृदयशस्त्रक्रिया झालेली २,२४० नवजात बाळं पाहिली गेली. निम्म्याहून अधिक बाळांना निकषांनुसार किडनीची इजा होती, पण मृत्यूशी स्वतंत्र संबंध आढळला तो फक्त तिसऱ्या, सर्वांत गंभीर टप्प्याचा. यावरून म्हटलं जातं की बघा, पहिला टप्पा म्हणजे नुसता आकड्यांचा गोंगाट. माझ्या मते या निष्कर्षाने पुराव्याला उलटं टांगलंय. पहिल्या टप्प्यातली बहुतेक बाळं सावरतात ही आनंदाची गोष्ट आहे. पण तिसऱ्या टप्प्यात पोचलेलं प्रत्येक बाळ कधीतरी पहिल्या टप्प्यातून गेलेलं असतं, आणि कुठलं सावरेल, कुठलं घसरेल हे त्या घडीला कुणालाच माहीत नसतं. पहिल्या टप्प्याचं निदान हा मृत्युलेख नाही. आता डोळ्यांत तेल घालून बघा, एवढाच त्याचा अर्थ. आणि तेवढा अर्थ पुष्कळ आहे.

नवजात अतिदक्षता विभागांचा ‘अवेकन’ हा अभ्यासही २०१७चाच. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि भारतातली मिळून २४ केंद्रं, २,०२२ बाळं. पहिल्याच आठवड्यात हृदयशस्त्रक्रिया लागलेली बाळं त्यात घेतली नव्हती. तरीही ६०५ बाळांना, म्हणजे ३० टक्क्यांना, किडनीची तीव्र इजा झालेली आढळली. इजा झालेल्यांपैकी १० टक्के बाळं दगावली. न झालेल्यांपैकी १ टक्का. ती मुळात अधिक आजारी होती म्हणून, असं कुणी म्हणेल. आजाराची तीव्रता आणि इतर घटक हिशेबात धरूनही हा संबंध उरला. किडनी ही आजाराची निव्वळ साक्षीदार असती तर तो उरला नसता.

तिसरा मुद्दा मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो: औषध नाही, मग कळून काय उपयोग? इजा झालेली किडनी एका गोळीने बरी करता येत नाही, हे मान्य. पण त्या चोवीस तासांत बाळाला आपण काय काय देत असतो ते औषधांच्या कागदावर वाचा. मिलरिनोन, हृदयाला जोर देणारं; ते किडनीवाटे बाहेर पडतं. किडनी मंदावली की ते साठतं आणि रक्तदाब पाडतं. रक्तदाब पडला की किडनीला आणखी कमी रक्त. जेंटामायसिन किंवा अ‍ॅमिकासिन, व्हँकोमायसिन: तीही किडनीवाटेच जातात आणि साठली तर किडनीलाच मारतात. वेदनेसाठी मॉर्फिन, त्याचे अवशेष साठले तर बाळ श्वास घ्यायला विसरतं आणि व्हेंटिलेटर सुटत नाही. कधी आयब्युप्रोफेन किंवा केटोरोलॅक, कधी एनालाप्रिल. यातल्या प्रत्येक औषधाचा डोस किडनी कशी आहे यावर ठरायला हवा. निदान झालं नाही, तर सगळे डोस निरोगी किडनीचे जातात. म्हणजे ‘औषध नाही’ म्हणत म्हणत आपण विष मात्र देत राहतो.

सिनसिनाटीच्या बालरुग्णालयाने हे रोखून दाखवलं आहे. किडनीला घातक ठरू शकणारी तीन किंवा अधिक औषधं एकाच वेळी चालू असलेल्या, किंवा तीन दिवस शिरेतून अमिनोग्लायकोसाइड (जेंटामायसिन, अ‍ॅमिकासिनच्या वर्गातलं औषध) मिळालेल्या प्रत्येक मुलाचं क्रिएटिनिन तिथे रोज पाहायला सुरुवात झाली आणि औषधतज्ज्ञाला राउंडवर बोलायचा हक्क मिळाला. नको असलेली औषधं वेळेत थांबली आणि किडनीच्या इजा घटल्या. पुढे तो कार्यक्रम नवजातांच्या विभागातही नेला गेला. त्यात कुठलंही नवं औषध नव्हतं. यादी होती आणि ती पाळायची शिस्त होती.

पाण्याचंही तसंच. किडनी लघवी करत नाही हे सहाव्या तासाला कळलं, तर ड्रिप आवळता येतात, औषधं घट्ट द्रावणात देता येतात, हृदयाचा जोर आणि रक्तदाब तपासता येतो, लघवी वाढवणारं लॅसिक्स देऊन पुढच्या काही तासांत प्रतिसाद येतो का हे पाहता येतं. मात्र इथे एक सावधगिरी हवी: लॅसिक्सने लघवी आली म्हणजे किडनीला काही झालंच नव्हतं, असं होत नाही. लॅसिक्स देऊनही लघवी आली नाही, तर मात्र तो मोठा इशारा असतो. मग पोटातून डायलिसिसची तयारी करता येते. २०१७ सालीच सिनसिनाटीहून प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हृदयशस्त्रक्रियेनंतर पहिल्याच दिवशी लघवी कमी झालेल्या ७३ बाळांपैकी काहींना पोटातून डायलिसिस दिलं, काहींना लॅसिक्स. दुसऱ्या दिवशीच्या पाण्याच्या जमाखर्चात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. पण अंगात दहा टक्के पाणी साठण्याची शक्यता लॅसिक्सच्या गटात तिप्पट निघाली आणि त्यांच्यातली जास्त बाळं व्हेंटिलेटरवर लांबली. पोटातून डायलिसिसला मोठं यंत्र लागत नाही. नळी, द्रव आणि लक्ष देणारी माणसं लागतात. पण ते वेळेत सुरू व्हायचं तर निदान वेळेत हवं. अंगावर सूज चढून छाती बंद करता येत नाही, अशी वेळ येईपर्यंत थांबलो तर त्याचा निम्मा फायदा गेलेला असतो.

चौथा मुद्दा महागड्या चाचण्यांचा. इथे मला दोन्ही बाजूंशी भांडायचं आहे. २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये सिनसिनाटीच्याच गटाने ७१ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बायपासनंतर दोनच तासांत लघवीतलं ‘एनगॅल’ नावाचं प्रथिन अनेक पटींनी वाढलेलं दिसलं, आणि ज्यांचं ते वाढलं त्यांनाच पुढे एक ते तीन दिवसांनी क्रिएटिनिनने इजा दाखवली. जगभर आनंद झाला. पण २०११ साली ३११ मुलांच्या बहुकेंद्री अभ्यासात तीच चाचणी माफक निघाली. जंतुसंसर्गातही एनगॅल वाढतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ च्या डिसेंबरमध्ये एनगॅलच्या एका चाचणीला मुलांसाठी परवानगी दिली, ती तीन महिने ते २१ वर्षं या वयासाठी. सर्वांत जास्त धोक्यात असलेली तीन महिन्यांखालची बाळं तिथेही बाहेर राहिली. सिस्टॅटिन सी हे दुसरं नाव घेतलं जातं. ते स्नायूंवर अवलंबून नाही, आईकडून बाळात येत नाही, हे त्याचे मोठे गुण. पण स्टेरॉइडने ते वाढतं आणि बायपासच्या वेळी स्टेरॉइड अनेक ठिकाणी देतात.

तेव्हा नव्या चाचण्या आल्या की प्रश्न सुटला असं म्हणणारे घाई करतात. त्या आपल्याकडे नाहीत म्हणून काहीच करता येत नाही असं म्हणणारे पळवाट शोधतात. एनगॅलने दोन तासांत संशय येईल, पण त्या संशयाचं काय करायचं ते लघवी आणि पाण्याच्या हिशेबाशिवाय कळणार नाही. ज्या विभागात तासाची लघवी नीट लिहिली जात नाही, तिथे महाग चाचणी आणून काय साधणार?

मग प्रत्यक्षात काय लागतं? चार किलोच्या बाळाची अर्धा मिलिलिटरची मर्यादा म्हणजे तासाला दोन मिलिलिटर, सहा तासांत बारा. मोठ्यांच्या युरिन बॅगवर दोन मिलिलिटर वाचताच येत नाहीत. नळीतच त्याहून जास्त लघवी अडकून राहते. म्हणून लहान मोजपात्र हवं, किंवा दर तासाला सिरिंजने ओढून मोजायला हवं. लघवी थांबली की आधी कॅथेटर तुंबला आहे का ते पाहायचं, तो फ्लश करायचा आणि मगच पुढचा विचार. कॅथेटर काढल्यावर डायपर वजन करायचा: कोरा डायपर किती, ओला किती, एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर. शी मिसळली तर तसं लिहायचं. दर सहा तासांनी बेरीज आणि तिला वजनाने भागून आलेला आकडा चार्टवर ठळक. आत गेलेल्यात औषधांचं पाणी आणि फ्लशही धरायचे, कारण बाळाच्या मापाने ते थोडेथोडके नसतात.

हे सगळं काम सिस्टरवर पडतं आणि सिस्टर आधीच कमी आहेत, ही तक्रार शंभर टक्के खरी आहे. तिचं उत्तर मोजमाप सोडून देणं हे असू शकत नाही. बाळांची हृदयशस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्राने एका खाटेमागे किती सिस्टर लागतात हे ऑपरेशनच्या खर्चातच धरलं पाहिजे. आणि सिस्टरने रात्री दोन वाजता "सर, सहा तासांत नऊच मिलिलिटर झाली" असं सांगितल्यावर डॉक्टरने "सकाळी क्रिएटिनिन बघू" म्हणून फोन ठेवला, तर तिने पुढच्या वेळी कशासाठी मोजावं? मोजलेल्या आकड्यावर कुणीतरी त्याच वेळी निर्णय घेतो, हा विश्वास असेल तरच आकडे खरे लिहिले जातात.

आणखी एक गोष्ट आपण पूर्ण सोडून दिली आहे: घरी गेल्यानंतरचं आयुष्य. किडनीतली गाळणी तयार होण्याचं काम गर्भातल्या ३४ ते ३६ आठवड्यांच्या सुमारास संपतं. नंतर नवी गाळणी तयार होत नाहीत. तान्हेपणी जी गमावली ती कायमची. उरलेल्यांवर जन्मभराचा भार. म्हणून केडीगोच्या मार्गदर्शक सूचना तीव्र इजेनंतर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करायला सांगतात. आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघरला सुरू झाला. या कार्यक्रमामुळे आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेमुळे खेड्यापाड्यांतल्या मुलांना मोठ्या शहरांत हृदयाचं ऑपरेशन मिळू लागलं. ही फार मोठी कमाई आहे. पण बाळ घरी जातं तेव्हा डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनचं नाव असतं, इकोचा रिपोर्ट असतो, औषधं असतात. किडनीला पहिल्या तीन दिवसांत मार बसला होता, याची ओळसुद्धा नसते. निदानच केलेलं नसेल तर ओळ येणार कुठून? मग तालुक्याचा डॉक्टर तापात आयब्युप्रोफेनचं सिरप लिहितो, जुलाबात अ‍ॅमिकासिनचं इंजेक्शन देतो. त्याचा दोष नाही. त्याला कुणी सांगितलंच नाही.

म्हणून मागणी नेमकी आहे. बाळाच्या ऑपरेशनच्या फॉर्मवर आधीचं क्रिएटिनिन दोन दशांशांपर्यंत लिहिल्याशिवाय बाळ ऑपरेशन थिएटरमध्ये जाऊ नये, तातडीचं ऑपरेशन सोडून. प्रयोगशाळेने बाळाच्या रिपोर्टवर बाळाच्या वयाची मर्यादा छापावी. पहिले ७२ तास राउंडवर क्रिएटिनिनचा आकडा कधीही एकटा उच्चारला जाऊ नये. त्याच्यासोबत मूळ आकडा, सहा तासांची लघवी आणि साठलेल्या पाण्याची टक्केवारी सांगितली जावी. इजा आढळली तर औषधांची यादी त्याच वेळी तपासावी. डिस्चार्ज कार्डावर किडनीची एक ओळ असावी: इजा झाली की नाही, कितव्या टप्प्याची, तीन महिन्यांनी काय तपासायचं आणि कुठली औषधं टाळायची.

आईवडिलांनीही विचारावं. "किडनी कशी आहे?" या प्रश्नाला "क्रिएटिनिन नॉर्मल आहे" हे उत्तर मिळालं, तर नम्रपणे पुढचे दोन प्रश्न विचारावेत: ऑपरेशनआधी किती होतं, आणि काल रात्रीपासून लघवी किती झाली? ज्या विभागात याची उत्तरं दोन मिनिटांत मिळतात, तिथे किडनीकडे लक्ष आहे. जिथे मिळत नाहीत, तिथे ‘नॉर्मल’ या शब्दाला आधार नाही, आणि तो शब्द उच्चारण्याचा अधिकार डॉक्टरने आधी मोजून कमावला पाहिजे.